होल्डवर ठेवलेला गायक

१ जानेवारी

नवीन वर्ष, नवीन डायरी. ही रोजनिशी शुद्ध मराठीत लिहायची असं ठरवलं आहे. स्वतःपुरतीच असली तरी माणसाने स्वतःशी तरी शुद्ध बोलावं.

काल थर्टी फर्स्टचा प्रोग्राम मौद्याला, वीज प्लांटच्या कॉलनीत. ‘ईश नाइट’. मी ईश्वरदास पराते, स्टेजवर नुसता ईश. ओपनिंगला उभा राहिलो तेव्हा लॉन भरलेलं होतं. तिसऱ्या गाण्याला लोक जेवायला गेले. हाय क्लास ऑडियन्सचं असंच असतं, त्यांना जेवताना मागे चांगलं गाणं लागतं. मध्ये माझा घसा धरला म्हणून जयाला एक गाणं म्हणायला लावलं. जया म्हणजे पत्नी, ऑर्केस्ट्रात कोरस आणि ड्युएट. तर लोक ताटं हातात घेऊन परत आले. नानाजीला विचारलं, हे काहून परत आले गा. नानाजी आमचा ढोलकवाला, गाडीही तोच चालवतो. तो म्हणाला, वहिनीचं गाणं ऐकाले. मी चौकशी केली. तिकडे पनीर संपलं होतं.

संकल्प: पहाटे रियाज. सुपारी-तंबाखूचा खर्रा बंद. थंड पाणी बंद. आणि या वर्षी टीव्ही.

४ जानेवारी

रियाज नाही. आमचं घर नागपूरच्या कडेला, हुडकेश्वरला; इथली थंडी उघड्यावरची आहे, आजूबाजूला अजून रिकामे प्लॉट, वारा सरळ गळ्यावर येतो. खर्रा अर्धाच खाल्ला. उरलेला अर्धा संध्याकाळी.

जया मशीनवर साडीला फॉल लावताना गात होती. फाटकापर्यंत ऐकू येत होतं. तिला म्हटलं, लेडीज आवाज जपून वापरावा, पातळ असतो. ती गप्प झाली. सांगितलेलं ऐकते, हा तिचा गुण.

११ जानेवारी

‘सूर घराघरांत’ या टीव्ही स्पर्धेच्या ऑडिशन नागपूरला आहेत, सक्करदऱ्याच्या एका लॉनवर. वयाची अट नाही. अट काढली याचा अर्थ त्यांना या वर्षी अनुभवी माणूस पाहिजे.

मागे एकदा दुसऱ्या एका शोमध्ये मी मुंबई राउंडपर्यंत गेलो होतो. अंतऱ्याला मॉनिटरमधून आवाज येणं बंद झालं आणि शब्द गेले. पॉलिटिक्स. बॅनरवर तेव्हापासून ‘टीव्ही फेम’ लिहितो, ते खोटं नाही. एका भागात माझा खांदा स्पष्ट दिसतो.

साथीला एक माणूस नेता येतो. जयाला नेतो. मागे आलाप धरायचा, बस. ती म्हणाली, लग्नाच्या साड्या पडून आहेत. मी म्हटलं, साड्या वर्षभर असतात.

१९ जानेवारी

ऑडिशन झाली. सकाळपासून लाइन. मी ब्लेझरमध्ये, जया साधीच. लाइनमध्ये सगळी गिटारवाली पोरं. एकाने मला विचारलं, काका, तुमची मुलगी आत गेली का. मी उत्तर दिलं नाही. गाण्याआधी गळा वाया घालवू नये.

आत टेबलामागे तिघं. मधली मुलगी हर्षा, मुंबईची, शोची क्रिएटिव्ह हेड. मी मुखडा म्हटला. अंतरा उचलणार तोच तिने हात वर केला आणि म्हणाली, मागे ज्या आलाप करतायत त्या पुढे येतील का. जया हलली नाही. मी म्हटलं, ये वं, बोलावून राहिले. ती आली, डोळे मिटले आणि गायली. पूर्ण गाणं. कोणी हात वर केला नाही. एकाने तर मोबाइल उलटा करून ठेवला.

सिलेक्शनचं पिवळं कार्ड तिला दिलं. मी माझं मागितलं. हर्षा म्हणाली, सर, तुम्हाला आम्ही होल्डवर ठेवतोय.

घरी येताना नीट विचार केला. सिलेक्ट केलं म्हणजे एकदाचं मोकळं केलं. होल्ड म्हणजे सोडवत नाही.

२१ जानेवारी

जया मुंबईला जात नाही म्हणते. काहून विचारलं तर म्हणाली, लग्न झालं तेव्हापासून तुम्हीच सांगून राहिले का सोलो तुझं काम नाही. मी म्हटलं, ते तुझी तयारी व्हावी म्हणून. मुलगी रितिका बारावीचं पुस्तक घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, मम्मी, तू जा, पप्पाचं ऐकू नको. मी म्हटलं, मी जाच म्हणून राहिलो. ती म्हणाली, तरी ऐकू नको.

तासभर समजावल्यावर जया हो म्हणाली. आता ती आत गेली की मेंटॉर म्हणून मी आपोआप आत.

रितिकाकडून नंतर कळलं की जयाने काल दुपारीच हर्षाला होकार कळवला होता. असो. माझ्या समजावण्याने तो पक्का झाला.

९ फेब्रुवारी

टीव्हीची टीम घरी. दोन कॅमेरे, मोठमोठे लाइट, फाटकाबाहेर गर्दी. स्पर्धकाच्या घरची ‘स्टोरी’ शूट करतात. मी ब्लेझर घालून तयार. हर्षा म्हणाली, सर, घरी जसे असता तसेच बसा, बनियनवर. मी म्हटलं, बनियनवर मी गात नाही. ती म्हणाली, गायचं नाहीये सर, पेपर वाचायचाय.

शॉट असा: मी दिवाणावर पेपर वाचतो, जया फरशी पुसता पुसता गुणगुणते, मग मी पेपर खाली करून म्हणतो, आधी पोळ्या टाक, मग गा. पहिल्याच टेकला ओके. कॅमेरामन म्हणाला, सर एकदम नॅचरल. अभिनयाकडे आजवर लक्ष द्यायला सवड मिळाली नाही, याचं वाईट वाटलं.

मग माझी मुलाखत. ऑर्केस्ट्राचा सगळा इतिहास सांगितला, मुंबई राउंड, मॉनिटर, सगळं. हर्षाने विचारलं, मॅडमना इतक्या वर्षांत सोलो का नाही दिला. मी शास्त्रोक्त उत्तर दिलं. लेडीज आवाज म्हणजे भाजीवरचा सांबार. शेवटी, वरून, थोडासा. हर्षाला वाटलं इडलीचा सांबार. मी समजावलं, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ती खूश झाली. म्हणाली, सर, हे परत बोला ना, कॅमेऱ्यात बघून. बोललो. मग बाजूच्या कॅमेऱ्यात बघून बोललो.

जया बादली घेऊन दारात उभी होती. टीम गेली तरी ती फरशी पुसत होती. मी म्हटलं, शूट संपलं वं. ती म्हणाली, पायाचे ठसे आहेत.

जेवताना रितिकाने विचारलं, पप्पा, सांबारवडीत काय असते? मी म्हटलं, जेवताना गाण्याचा विषय नको.

६ मार्च, मुंबई

स्पर्धकासोबत एक माणूस ठेवता येतो. मी आलो. हॉटेलात एसी रूम. बाकी स्पर्धकांसोबत त्यांच्या आया आल्या आहेत. नाश्त्याला आयांचं टेबल आणि त्यात मी. त्यातली एक मला भाऊ म्हणते आणि उपमा वाढते.

म्युझिक अरेंजरला माझं कार्ड दिलं. त्याने ते चहाच्या कपाखाली ठेवलं. म्हणजे उडून जाऊ नये म्हणून.

जयाची रिहर्सल. मी पहिल्या रांगेत बसून हाताने सूर वरखाली दाखवत होतो, प्रोग्रामला दाखवतो तसा. फ्लोअर मॅनेजर येऊन म्हणाला, सर, हात खाली. मग मला मागच्या रांगेत नेलं, अँगलसाठी. मग बाहेरच्या खोलीत. तिथे स्क्रीन आहे. खरं म्हणजे तिथूनच जास्त नीट दिसतं.

१० मार्च, रेल्वेत

काल जयाला सांगितलं की तिसऱ्या ओळीला तिचा श्वास चुकतो. ती केस विंचरत होती. आरशातूनच म्हणाली, तुम्ही समोर बसले का माझा आवाज आत जाते. उद्यापासून आईले बोलावलं आहे. मी म्हटलं, म्हणजे काय. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही घरी जा.

आवाज मोठा नव्हता तिचा. भांडणासारखा तर मुळीच नव्हता. भांडण असतं तर मला उत्तर देता आलं असतं.

विचार केल्यावर लक्षात आलं. गुरू समोर बसला की शिष्याच्या तोंडून सूर निघत नाही. मी मोठ्या मनाने परत निघालो. सासूबाई उमरेडहून आल्या. प्रयागबाईंची उमर मागावर लुगडी विणण्यात गेली, त्यांना स्टुडिओतलं काय कळणार. आल्याबरोबर जयाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, गाय तू. एवढंच मार्गदर्शन.

रेल्वेत समोरच्या माणसाला सांगितलं की मी टीव्ही शोचा मेंटॉर आहे. त्याने पांघरूण ओढून घेतलं.

२९ मार्च

आज जयाचा पहिला भाग लागला. मी अर्धी गल्ली घरी बोलावली होती. भजे, चहा. मला मधली खुर्ची.

आधी जयाचा चेहरा, मोठा. ओळखू येत नव्हती. मग स्टोरी. पहिलाच शॉट बनियन. आधी पोळ्या टाक, मग गा. खाली बासरी लावली होती, कोणी गेल्यावर लावतात तशी. मग माझी मुलाखत. ऑर्केस्ट्राचा इतिहास नाही. मुंबई राउंड नाही. मॉनिटर नाही. नुसता सांबार. जितक्यांदा बोललो तितक्यांदा, समोरून आणि बाजूने. शेवटी चित्र काळंपांढरं झालं आणि माझा चेहरा तसाच थांबवला, तोंड उघडं.

मग जया गायली. परीक्षक उभे राहिले. एक बाई परीक्षक रडल्या.

बैठकीत नानाजी म्हणाला, भजे थंडे होऊन राहिले. मग सगळ्यांना एकदम काम आठवलं.

रितिकाला म्हटलं, उद्या मैत्रिणींना सांगून टाक का ते ॲक्टिंग होतं. तिने विचारलं, कोणतं ॲक्टिंग होतं पप्पा? मी म्हटलं, बनियन.

शांतपणे पाहिलं तर जयाचं एक गाणं आणि माझं फुटेज, यात माझं फुटेज जास्त आहे.

२ एप्रिल

लोक ओळखायला लागले. पानठेल्यावर दोघांनी माझ्यासोबत सेल्फी काढला. खर्रा घोटणाऱ्याने विचारलं, घरी पोळ्या आता कोण टाकते? सगळे हसले, मीही हसलो. कलाकाराने मिसळून राहावं.

भागीरथा भाजीवालीने वांग्यांवर सांबाराची एक काडी ठेवली. एकच. म्हणाली, घ्या भाऊ, वरून, थोडासा.

हर्षाला फोन केला की माझी बाकी मुलाखत कधी दाखवता. ती म्हणाली, सर, तुमचा ट्रॅक खूप छान चाललाय. म्हणजे माझा वेगळा ट्रॅक आहे.

२० एप्रिल

उमरेडला लग्नाच्या रिसेप्शनचा प्रोग्राम. पार्टीने फोनवर आधीच विचारलं, वहिनी येणार ना. मी म्हटलं, मी येतो. ते म्हणाले, तुम्ही तं याच.

जयाच्या जागी मयुरी नावाची नवी पोट्टी घेतली. मी ओपनिंग केलं. बायकांच्या बाजूने कोणीतरी बोललं, सांबार. मग दुसरीकडून. मग चार-पाच जणी मिळून. मी फर्माईश समजून हात जोडले. तेवढ्यात सांबाराची जुडी आली. ओली जुडी, मॉनिटरवर पडली, पाणी उडालं. शॉर्ट सर्किट होऊ नये म्हणून मी गाणं थांबवलं.

नवरदेवाचे काका स्टेजवर आले. हात जोडून म्हणाले, भाऊ, बायांनी जेवण अडवून ठेवलं. तुम्ही खाली बसा, पोट्टीले म्हणू द्या. मी म्हटलं, साउंडचं सेटिंग माझ्याशिवाय होत नाही. नानाजीने ढोलक सुरू करून टाकला. मयुरीने उरलेला प्रोग्राम केला. मी गाडीत बसून होतो. तिथेही ऐकू येत होतं.

परतताना नानाजीने रेडिओ लावला, तर त्याच शोची जाहिरात आणि मागे जयाचा आवाज. मी बंद केला. म्हटलं, बॅटरी उतरेल. नानाजी म्हणाला, ईश्वरभाऊ, गाडी चालू आहे, बॅटरी नाही उतरत. मी म्हटलं, मले माहीत आहे.

११ मे

ऊन असं की कूलरसुद्धा गरम फेकतो. लग्नाच्या सिझनमध्ये एकही प्रोग्राम नाही. लोक उन्हाने घाबरले असावेत. पण बाजूच्या मंगल कार्यालयात दुसऱ्या पार्टीचा ऑर्केस्ट्रा चालू होता, म्हणजे त्यांना ऊन लागत नाही.

दुपारी नानाजी आला. कूलरसमोर उभा राहिला, बसला नाही. म्हणाला, शो संपला का वहिनीचा लाइव्ह टूर आहे, त्यांना आपल्याकडचा ढोलक पायजे, मले बोलावलं. तुम्ही नाही म्हणसान तं नाही जात. मी म्हटलं, जा न गा, मी काहून अडवू. मग विचारलं, टूरमध्ये मेल सिंगर कोण आहे. त्याने खाली पाहिलं. म्हणाला, ते लोक ठरवतात.

पाणी दिलं ते त्याने प्यायलं नाही. इतकी वर्षं एका गाडीत फिरलो. भंडारा, वर्धा, पार चंद्रपूर. टायर फुटला तर दोघांनी मिळून बदलला. आणि पाणी न पिता गेला. मी नाही म्हणालो असतो तर खरंच थांबला असता का, हे विचारायचं राहिलं. बरं झालं राहिलं.

खर्रा दिवसाला किती होतात ते मोजणं सोडलं. मोजल्याने टेन्शन वाढतं.

८ जून

शेवटी हर्षाचा फोन. होल्ड सुटला.

जया महाअंतिम फेरीत आहे. त्यात कुटुंबाचा खास सेगमेंट. मी अचानक स्टेजवर यायचं, जयाची सर्वांसमोर माफी मागायची, ती रडेल, मी तिच्या हातात माइक द्यायचा. हर्षा म्हणाली, सर, महाराष्ट्र रडेल. मी म्हटलं, रडवणं माझ्यावर सोडा. मला गाता येईल का विचारलं. ती म्हणाली, दोन ओळी बघू.

दोन ओळी म्हणजे स्टेजवर एकदा उभा राहिल्यावर पूर्ण गाणं होतंच. मला कोण खाली उतरवतं.

आजपासून तयारी. माफीचा भाग लहान ठेवला आहे. एक वाक्य. ते आरशासमोर म्हणून पाहतो, पण त्या वाक्याला खोकला येतो. गाण्याला येत नाही.

रितिकाला म्हटलं, चल संगं. ती म्हणाली, मी आजीसोबत आधीच जाऊन राहिली. माझी सीट कोणी काढली नव्हती. प्रॉडक्शनवाल्यांनी काढली, जाण्याची आणि त्याच रात्रीची येण्याची.

१५ जून, मुंबई

मेकअप झाला. ब्लेझर त्यांचा, माझ्या ब्लेझरपेक्षा चांगला. मला पडद्यामागच्या खोलीत लपवून ठेवलं, जयाला कळू नये म्हणून. गळा तापवून घेतला. बाहेर टाळ्या ऐकू येत होत्या. इतका मोठा स्टेज आयुष्यात पाहिला नाही. मनात म्हटलं, ईश्वर, बाप मागावर बसला होता, तू कुठे आला पाह्य.

हर्षा आली ती कानावरचा हेडसेट काढून. म्हणाली, सर, सॉरी, सेगमेंट ड्रॉप झालाय. मॅडमना कुणकुण लागली आणि त्या नाही म्हणाल्या. मी म्हटलं, तिले काय कळते, तुम्ही सांगा तिले. हर्षा म्हणाली, खूप सांगितलं. त्या म्हणाल्या, मग मी पण गात नाही.

मग जयाच आली. भरजरी साडी, डोळ्यांना काहीतरी चमचमतं लावलेलं. हर्षाला म्हणाली, ताई, दोन मिनिटं. हर्षा बाहेर गेली.

मी म्हटलं, इतका लांबून आलो, लोक रडले असते. जया म्हणाली, लोकाइच्या समोर नाही पायजे मले. मी म्हटलं, मंग काहून बोलावलं. ती म्हणाली, मी नाही बोलावलं. तुम्ही घरी कधी म्हटलं मले हे? एकदा तरी? घरी म्हणा पयले. हे पाहा, इथं कोणी नाही, आताच म्हणा.

खोलीत खरंच कोणी नव्हतं. ती थांबली होती. मेकअपच्या खाली तिचा चेहरा थकलेला होता. ते वाक्य मला पाठ होतं. आठवडाभर तेच करत होतो.

मी विचारलं, मॉनिटरमधून तुले नीट ऐकू येऊन राहिलं न.

ती म्हणाली, हो. येऊन राहिलं. मग तिने माझ्या ब्लेझरची कॉलर सरळ केली आणि गेली.

तिचं गाणं बाहेरच्या खोलीतल्या स्क्रीनवर पाहिलं. तिसऱ्या ओळीला श्वास चुकला नाही. कधीच चुकत नव्हता बहुतेक. तेव्हा स्क्रीन खराब असेल.

स्टेशनवर कळलं, चेहऱ्यावरचा रंग तसाच आहे. नळावर धुतला, निघाला नाही.

१६ जून

जया पहिली आली नाही, दुसरीही नाही. पण टूरच्या पोस्टरवर सगळ्यात मोठा फोटो तिचाच आहे, असं नानाजीने फोन करून सांगितलं. मागे ढोलक जुळवल्याचा आवाज येत होता. मी विचारलं, माझी आठवण काढली का कोणी. तो म्हणाला, आवाज कटून राहिला, ईश्वरभाऊ.

७ जुलै

टूर चालू. नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, इंदूर. जया रोज संध्याकाळी फोन करते, रितिकाशी बोलते, मग मला विचारते, जेवले का. मी विचारतो, हॉल कसा होता. ती म्हणते, बरा होता. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, लोक उभे होते.

‘ईश नाइट’चा एक प्रोग्राम मिळाला. कळमेश्वरजवळ, एका फार्महाउसवर, वाढदिवस. त्यांनी म्हटलं, सांबारवाला डायलॉग स्टेजवर म्हणसान तर या. मी सांगितलं, मी गायक आहे. मग गेलो. म्हटला. टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या मला बऱ्याच वर्षांत पडल्या नव्हत्या. वाढदिवस असलेल्या बाईने डायलॉग परत म्हणायला लावला. गाणं कोणी मागितलं नाही. घरी येऊन जेवलो नाही.

२७ जुलै

रितिकाला मुंबईच्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली. जयाला तिकडे रेकॉर्डिंगचं काम आहे, चॅनलवाल्यांनीच जागा शोधून दिली. दोघी तिकडे राहणार. जयाने फोनवर विचारलं नाही, सांगितलं. मग म्हणाली, तुम्हाले यायचं असन तं या.

असन तं. मी म्हटलं, इथला ऑर्केस्ट्रा कोण पाहील. ती म्हणाली, बरं.

ऑर्केस्ट्रात सध्या मी आहे.

मी ठरवलं आहे. ती सामान घ्यायला येईल तेव्हा घरीच, कोणी नसताना, माफीचं ते वाक्य म्हणून टाकायचं. तिनेच सांगितलं होतं, घरी म्हणा.

२ ऑगस्ट

जया काल आली. स्वयंपाक केला, दोन बॅगा भरल्या. मशीन विकत नाही म्हणाली, असू द्या. काल म्हणायचं होतं, पण सासूबाई होत्या. संध्याकाळी त्या मंदिरात गेल्या तेव्हा जयाला डुलकी लागली होती. थकलेल्या माणसाला उठवून असं काही म्हणू नये. उद्या सकाळी नक्की. सकाळी मन ताजं असतं.

३ ऑगस्ट

सकाळ. रितिका आजीला घेऊन फाटकाशी, बॅगा बाहेर. जया दिवाणावर बसून होती. डोळे मिटलेले, मांडीवर बोटाने ताल चालू. खोलीत आम्ही दोघंच. मी दाराला टेकून उभा राहिलो आणि म्हटलं. वाक्य नाही जमलं पूर्ण, पण त्यातला मुख्य शब्द म्हटला. इंग्रजीच असतो तो, सगळेच म्हणतात. मग पुढचं मराठीतही थोडं म्हटलं. खोकला आला नाही.

तिने डोळे उघडले. पदर बाजूला झाला तेव्हा कानातली वायर दिसली. नवीन गाणं बसवत होती. एका कानातलं काढून तिने विचारलं, काही म्हटलं का?

मी म्हटलं, गाडी आली.

ती म्हणाली, हो, मघाच आली. उठली, पोळ्या कुठे झाकून ठेवल्या आहेत ते सांगितलं, पाण्याची मोटर बंद करायला विसरू नका म्हणाली. दारात थांबून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती परत विचारते. मी तयार होतो. बाहेरून रितिकाने हॉर्न वाजवायला लावला.

गाडी वळून गेल्यावर फाटक लावलं, आत आलो, मोटर बंद केली. मग रिकाम्या दिवाणासमोर उभा राहून ते वाक्य पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, सुरुवातीपासून, पूर्ण.

चांगलं जमलं.